जुन्या बाजारात सापडलेले स्कॅटलाइट्स

रविवारी जुन्या बाजारात मिक्सरचं भांडं बघायला गेलो आणि स्कॅटलाइट्सचा डबल सीडी सेट घेऊन आलो, 150 रुपये, भांडं राहिलंच. जमैकाचा स्का बँड (स्का म्हणजे तिकडचं नाचायला लावणारं संगीत), 1964 ला किंग्स्टनमध्ये जमले आणि पुढच्याच वर्षी फुटले, परत एकत्र यायला 1983 उजाडलं, पण तेवढ्या वर्षभरात स्टुडिओ वनमध्ये जे वाजवून ठेवलंय ना, बाप रे! गिटार मुद्दाम ठेक्याच्या मधल्या जागेत च्याक-च्याक करते, त्यामुळे पाय आपोआप हलतो, आमच्या आजीचा पण हलला. डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन मात्र वेगळंच प्रकरण आहे, बाकी सगळे वरातीच्या मूडमध्ये आणि हा एकटाच उदास, आणि तरी लय कुठे सुटत नाही. टॉमी मॅकूकचा सॅक्सोफोन पण भारी.

साउंड मोनो, थोडा दबलेला, बास नीट ऐकायला हेडफोन लावा. विकणारा म्हणाला "चेक करून ठेवलीये साहेब", पण दुसऱ्या सीडीवर चरा आहे, चौथं गाणं दर वेळी एकाच जागी अडकतं. भांड्याचा विषय घरी अजून चालू आहे. ही सीडी मिळाली तर घ्या, फक्त उजेडात धरून बघा आधी.