मेंदूतून लिपिड राफ्ट काढायचे आहेत: ट्रायटन, ब्रिज ९८, चॅप्स की कार्बोनेट?

लिपिड राफ्ट म्हणजे पेशीपटलातले कोलेस्टेरॉलवर टिकणारे घट्ट तुकडे; डिटर्जंटमध्ये ते सहज विरघळत नाहीत आणि सुक्रोजच्या थरांत वर तरंगतात. डिटर्जंट कुठलाही घ्या, आधी मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टन, काढा. प्रौढ उंदराचा अख्खा मेंदू थेट ट्रायटनमध्ये घातला, तर ग्रेडियंटमध्ये (वेगवेगळ्या घनतेच्या सुक्रोजच्या थरांत) वर येणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यात मायलिनच भरपूर असतं, आणि न्यूरॉनचे राफ्ट समजून आपण मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचं पटल मोजत बसतो. ०.३२ मोलर सुक्रोजमधला होमोजेनेट (वाटलेला मेंदू) ०.८५ मोलर सुक्रोजवर अलगद चढवून ७५,००० जी-ला अर्धा तास फिरवा. मायलिन दोन थरांच्या मध्ये अडकतं, बाकीचं पटल तळाशी बसतं.

पहिल्यांदाच करत असाल तर ट्रायटन एक्स-१०० घ्या. १९९२ मध्ये ब्राउन आणि रोझ यांनी जीपीआय-प्रथिनांवर (लिपिडच्या नांगराने पटलाला बांधलेल्या प्रथिनांवर) केलेल्या कामापासून सगळी तुलना याच डिटर्जंटशी होते. १ टक्का, बर्फावर, ३० मिनिटं. इथे टक्केवारीपेक्षा डिटर्जंट आणि प्रथिनाचं प्रमाण महत्त्वाचं. १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. मिलिलिटरला प्रथिन २ मिलिग्रॅम असेल तर प्रमाण ५ः१ पडतं. प्रथिनही १० मिलिग्रॅम असेल तर पटल अर्धवट विरघळतं, आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टर हे राफ्टबाहेरचं, तळाशी राहायला हवं ते प्रथिनही तरंगतं. मग २ मिलिलिटर नमुना तितक्याच ८० टक्के सुक्रोजमध्ये मिसळा, त्यावर ३० आणि ५ टक्क्यांचे ४-४ मिलिलिटर थर द्या, आणि एसडब्ल्यू-४१ रोटरमध्ये ४ अंशांना ३९,००० आरपीएमवर १६ ते १८ तास फिरवा. राफ्ट ५ आणि ३० टक्क्यांच्या सीमेवर येतात.

ट्रायटनवरचा आक्षेप खरा आहे: थंडीत लिपिड घट्ट होतात आणि डिटर्जंट स्वतःच नवे पुंजके घडवू शकतो. ही शंका मिटवायची असेल तर ब्रिज ९८. १ टक्का, ३७ अंशांना ५ मिनिटं, मग बर्फावर. पण हा डिटर्जंट सौम्य आहे, त्यामुळे वर येणाऱ्या पट्ट्यात राफ्टबाहेरची प्रथिनंही जास्त येतात. ट्रायटनमध्ये निसटणारं, सैल जोडलेलं प्रथिन शोधत असाल तरच तो घ्या, आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टरचा ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) सोबत हवाच.

पुढे मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानावरून प्रथिनं ओळखणं) करायची असेल तर चॅप्स बरा. त्याचे मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे गोळे) लहान असल्याने तो डायलिसिसने निघतो. ट्रायटन असा निघत नाही, आणि त्याच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल साखळ्यांची शिखरं पेप्टाइडांवर चढतात. ट्रायटनमधलं बेंझिन वलय २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, म्हणून प्रथिन बीसीए या रंग-चाचणीने मोजा, ब्रॅडफर्ड ही दुसरी रंग-चाचणीही बिघडते.

डिटर्जंट अजिबात नको असेल तर ०.५ मोलर सोडियम कार्बोनेट, पीएच ११, आणि सोनिकेशन. मात्र इतका अल्कली पटलाला बाहेरून चिकटलेली प्रथिनं खरवडून काढतो. तुमचं प्रथिन त्यातलं असेल तर ही वाट सोडा.

राफ्ट ओळखायला मार्कर म्हणून फ्लोटिलिन-१ आणि थाय-१ ही प्रथिनं आणि जीएम१ हे लिपिड चालतात. जीएम१ साठी त्याला चिकटणाऱ्या कॉलरा टॉक्सिन-बीचा डॉट ब्लॉट (नमुन्याचे थेंब पडद्यावर टाकून) करा. कॅव्हिओलिन हे राफ्टचं नेहमीचं मार्कर-प्रथिन टाळा; न्यूरॉनमध्ये ते जवळजवळ नसतंच. ग्रेडियंटच्या प्रत्येक फ्रॅक्शनमधून (हिश्श्यातून) ब्लॉटच्या जेलवर समान प्रथिन नव्हे, समान आकारमान चढवा. राफ्टच्या फ्रॅक्शनमध्ये प्रथिन मुळातच थोडं असतं. तिथे समान प्रथिन भरलं तर मार्कर फुगून दिसतो. एक नमुना मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढून चालवा. तरीही तुमचं प्रथिन वरच राहिलं, तर त्याला राफ्टमधलं म्हणण्याआधी मायलिनच्या एमबीपी (मायलिन बेसिक प्रोटीन) या प्रथिनाचा ब्लॉट पाहा.