माळढोक पाहायला कधी जावं: श्रावणात की थंडीत?

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जायचं, तर श्रावण सोयीचा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या मागे लागतात आणि जानेवारीपासून माल निघायला लागला की घराबाहेर पाऊल टाकणं अवघड. शिवाय पावसाचे चार शिंतोडे पडले की तिथलं सेवण गवत हिरवं होतं, माळ बघत राहावा असा दिसतो.

तरीही मी थंडीच म्हणेन. पावसाळा हा माळढोकाच्या विणीचा मुख्य हंगाम. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. गाडी जवळ गेली, ती उठली, की अंडं कावळ्या-कोल्ह्याच्या तोंडी. जगात दोनशेहून कमी उरलेल्या पक्ष्याला आपल्या फोटोपायी एवढी झळ का लावायची?

डिसेंबर-जानेवारीत दिवसाचं ऊन सोसवतं आणि स्थलांतर करून आलेले गरुड, गिधाडंही दिसतात. पहाटेचा गारठा मात्र कडक. सांगलीत पुरणारा स्वेटर तिथं पुरत नाही, कानटोपी आणि जाड जर्किन हवंच.

बाग भावाच्या हवाली करून आठवडाभर निघता आलं तर डिसेंबर गाठा. मे महिन्याच्या सुट्टीचा विचार नको, तेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात असतो.