सात दिवसांचं शिबिर आणि नंतरचे अकरा महिने

गेल्या मे महिन्यात लेकीला खानापूरकडच्या एका निवासी कराटे शिबिराला सोडायला गेले. मुलींच्या खोलीत रात्रीची एक बाई हवी होती, म्हणून मीच सात दिवस राहिले. वय 44, राहणार बेळगावच्या वडगावात, घरात दोन माग. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "नुसतं बसण्यापेक्षा उभ्या राहा की, अक्का." राहिले. त्याला आता अकरा महिने झाले. मध्ये दिवाळीच्या सुट्टीत लाठीकाठीचं एक शिबिरही केलं. आता सुट्टी तोंडावर आली आणि गल्लीतल्या बायका विचारायला लागल्यात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी खानापूरचं. फी 3500, वर ड्रेसचे 900. ड्रेसात पॉलिस्टर भरपूर, घामानं पाठीला चिकटायचा आणि दोन धुण्यांत विजार घोट्याच्या वर गेली. मागावर आयुष्य काढलेल्या बाईला हात लावल्यावरच कळलं होतं, पण बाहेरून आणायची परवानगी नव्हती. जेवण चांगलं होतं, त्यात खोट नाही. वळवाचा पाऊस रोज दुपारी चारला यायचा आणि सगळी पोरं पत्र्याच्या हॉलमध्ये. पावसाच्या आवाजात सरांचं काही ऐकू येत नव्हतं.

पत्रकात 'ऑलिम्पिक खेळ' असं मोठ्या अक्षरात होतं. ते अर्धंच खरं. कराटे टोकियोच्या ऑलिम्पिकला होतं, म्हणजे 2021 ला झालेल्या. 2024 च्या पॅरिसला नव्हतं. पोरीला त्या आशेनं घालणार असाल तर हे आधी माहीत असू दे.

दुसरं, 'सात दिवसांत स्वसंरक्षण'. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं ओढून सोडवायचं, कारण पकड तिथंच उघडी असते. शिबिरात शेजारच्या पोरीनं हसत हसत धरलेलं मनगट दर वेळी सुटलं. घरी आल्यावर मालकांना धरायला सांगितलं. मागाचे हात ते, हललेसुद्धा नाहीत. आता अकरा महिन्यांनी दहातले सहा-सात वेळा सुटतं, तेही नुसतं ओढून नाही, आधी एक पाय त्यांच्याकडं टाकून कमरेसकट वळले तर. हे पाय टाकणं शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि पावसात ऐकू आलं नाही, देव जाणे.

साठ पोरं आणि शिकवणारे दोघं. सात दिवसांत माझा हात किंवा पाय धरून चूक किती वेळा दुरुस्त केली, ते मी मोजलं. चार वेळा. बाकी सगळा वेळ रांगेत मागं उभं राहून पुढच्याचं बघून करायचं आणि पुढचाही चुकतच असायचा. शिवाय रोज सकाळी काँक्रीटवर बदकचाल, म्हणजे उकिडवं बसून चालायचं. पोरांना काही होत नाही, माझा उजवा गुडघा सुजला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तीन आठवडे बंद ठेवायला लावलं. चाळिशीपुढच्यांनी बदकचालीला सरळ नाही म्हणावं. मी लाजेपोटी केली.

एक गोष्ट मात्र आवडली. पोरं निम्मी कानडी, निम्मी मराठी, आणि आकडे जपानी. इच, नी, सान, शी. पाटी कुठल्या भाषेत यावरनं आपल्याकडं काय काय होतं ते सांगायला नको, पण तिथं कुणाची तक्रार नाही. दुसरे सर कानडी. हात वर घ्या म्हणून ओरडायचे, "कै मेले! कै मेले!" माझ्या मागची चंदगडची पोरगी हळूच म्हणाली, "अजून नाही मेले." पुढची रांगच्या रांग फुटली आणि सगळ्यांना वीस जोर.

शिबिरातून घरी आणलं ते एवढंच: हेइआन शोदान. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीनं, एकट्यानं करायच्या; हा शोतोकान या कराटेच्या शैलीतला सुरुवातीचा, 21 हालचाली, दोनदा आरोळी. सर सांगत होते, इतोसू नावाच्या गुरूंनी जपानच्या ओकिनावा बेटावर हे काता शाळेतल्या पोरांसाठी बसवले होते. म्हणजे मी योग्य वर्गात होते. पावसाळाभर दोन मागांच्या मधल्या जागेत रोज रात्री पाच वेळा केला. जागा अशी की डावीकडं वळताना कोपर मागाच्या चौकटीला लागायचं. त्या धाकानंच माझा हात अंगालगत राहायला शिकला. लेकीचा पट्टा पिवळ्याचा नारंगी झाला. मी परीक्षेला बसले नाही, फी वेगळी होती.

दिवाळीचं शिबिर राजहंसगडाच्या खालच्या एका गावात, देवळाच्या पटांगणात. पाच दिवस, फी काही नाही, चहा गावकऱ्यांचा. शिकणारे अठरा. वस्ताद सत्तरीचे, शर्टाला दोन बटणं कमी. पहिल्या दिवशी काठी हातातच दिली नाही. जमिनीवर राखेनं रेघ मारली आणि पवित्रा घ्यायला लावला, पुढं-मागं, पुढं-मागं, रेघ न पुसता. मी खाली बघत होते. "पायाकडं काय बघालीस अक्का? पाय कुठं पळून जात नाहीत." दुसऱ्या दिवशी काठी दिली, तर माझ्या काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवलं. खांद्यानं फिरवलं की पेपर पडायचा. चौदा वेळा पडला. पंधराव्या वेळी मनगट आपोआप फिरलं आणि काठीचा आवाजच बदलला, आधी फडफड व्हायची ती एकदम बारीक शीळ झाली. वस्ताद पलीकडं एका पोराला शिकवत होते. मान न वळवता म्हणाले, "आत्ता."

दुरुस्त्यांचा हिशेब तिथंही ठेवणार होते, पहिल्याच दिवशी सोडून दिला.

त्या शिबिराच्या उणिवाही आहेत. बायकांसाठी संडासाची सोय नाही, शाळेच्या शिपायाला किल्ली मागावी लागायची. वेळेचा पत्ता नाही; सहा म्हणजे पावणेसात. पोरीला काही लागलं तर औषधाची पेटीसुद्धा नव्हती, तिचा अंगठा सोलला तेव्हा हळद लावली. प्रमाणपत्र मिळत नाही. दांडपट्टा बघायला मिळतो, हातात मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काठीबद्दल: दुकानातली रंगवलेली घेऊ नका. बुरुडाकडून भरीव वेळू, आपल्या कानापर्यंत येईल एवढा, पेरं जवळजवळ असलेला. माझा 180 रुपयांना पडला. दर पंधरा दिवसांनी गोडेतेल चोळायचं. घरी सराव गच्चीवरच, आणि आधी वर बघून घ्या. मी शेजारच्यांची केबलची वायर तोडली, ऐन क्रिकेटच्या मॅचमध्ये. ते अजून नीट बोलत नाहीत.

या मे महिन्यात खानापूरला पाठवणार नाही. त्याच पैशात जवळच्या वर्गाची चार-पाच महिन्यांची फी होते आणि तिथं बारा पोरं आहेत. लेक नाराज आहे, तिला मैत्रिणींबरोबर राहायचं होतं. त्यापुरतं तिचं म्हणणं खरं आहे. वैशाख द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर चित्ररथाची मिरवणूक निघते, त्यात वस्तादांनी तिला घेतलंय. मलाही विचारलं. रात्रभर चालायचं, गुडघ्याचं काय, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही. पण जुनी काठी एका पेराला चिरली होती, नवी आणून माळ्यावर वाळत ठेवलीय.