आमच्या नावाचे मालक दुसरेच निघाले

नव्या छोट्या व्यवसायाला ‘प्रोफेशनल ओळख’ मिळवून देतो असे सांगणाऱ्या संस्थांचा सध्या सुकाळ आहे. त्यांतील कित्येक प्रामाणिक असतील. परंतु आम्हाला भेटलेल्या संस्थेची पद्धत इतकी बेमालूम होती की घरगुती उद्योग करणाऱ्या कोणालाही ती सहज गाठू शकेल, म्हणून ती तपशिलासह लिहीत आहे. तक्रार ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव दिलेले नाही.

माझ्या जाऊबाई आणि मी वडोदऱ्यात दांडिया बाजारातील घरून गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीची भाजणी विकतो. अलकापुरीतील एका दुकानदारांनी माल ठेवून घेण्याची तयारी दाखवली, मात्र छापील पिशवी, बोधचिन्ह, संकेतस्थळ आणि गूगलच्या नकाशावर नाव असावे अशी अट घातली. अट रास्त होती. त्याच सुमारास मुंबईचा पत्ता सांगणाऱ्या एका संस्थेशी बोलणे झाले आणि त्यांनी सारे काही एकत्र देऊ केले: बोधचिन्ह व छपाईचा आराखडा १५,००० रुपये, संकेतस्थळ १८,०००, ट्रेडमार्क ११,५०० आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) ३,५००, असे एकूण ४८,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून ५६,६४० रुपये. ‘‘मॅडम, तुम्ही फक्त मसाल्याकडे लक्ष द्या, कागदपत्रांचं आमच्यावर सोडा,’’ हे त्यांच्या प्रतिनिधीचे पालुपद होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही मंडळी पैसे घेऊन पळाली नाहीत. काम वेळेवर आले, दिसायला देखणे होते, दुकानदारांनाही आवडले. अशा प्रकारची फसवणूक वर्षभर दिसतच नाही. ती दिसते नूतनीकरणाच्या वेळी, आणि तोवर पिशव्यांवर, बिलांवर, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये सगळीकडे तेच नाव आणि तोच पत्ता गेलेला असतो. वर्ष भरत आले तेव्हा ‘ब्रँड देखभाल’ म्हणून ३६,००० रुपयांची मागणी आली. कोणत्याही बोलण्यात किंवा कागदात या रकमेचा उल्लेख नव्हता. आम्ही नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले.

संकेतस्थळाचे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवावे म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की नाव हलवण्यासाठी लागणारा संकेत फक्त नोंदणीधारकाला मिळतो. ‘डॉट इन’ नावांची नोंद कोणालाही ‘हू इज’ या शोधसेवेत पाहता येते. तेथे नोंदणीधारक म्हणून आमच्याऐवजी त्या संस्थेचे नाव होते. असे नाव वर्षाला काही शे रुपयांत मिळते, आणि ते घेताना कोणाचे नाव, कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाईल भरला गेला यावरच पुढची सारी मालकी ठरते. गूगलवरील व्यवसायाच्या नोंदीतही तोच प्रकार होता. मुख्य मालक त्यांचा ईमेल आणि आम्हाला दिलेला अधिकार केवळ व्यवस्थापकाचा. ही नोंद मुळात मोफत असते. सुदैवाने तेथे मालकी मागण्याची सोय आहे. विनंती केल्यावर सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. त्यांनी उत्तर दिले नाही, तेव्हा पडताळणी करून ती नोंद आम्हाला परत मिळाली.

ट्रेडमार्कचा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसे भरल्यानंतर महिन्याभरातच ‘रजिस्ट्रेशन झाले’ असे सांगून त्यांनी एक क्रमांक पाठवला आणि पिशवीच्या आराखड्यात नावापुढे वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, टाकला. वास्तविक अर्जाची तपासणी होते, मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि त्यानंतर हरकतींसाठी चार महिन्यांची मुदत असते, त्यामुळे महिन्याभरात नोंदणी होणे शक्यच नाही. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला तर तो भलत्याच व्यक्तीचा, भलत्याच वर्गातील, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या मालासाठीचा, अर्ज निघाला. मसाल्यांचा वर्ग तिसावा आहे, आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. नोंदणी झालेली नसताना ते चिन्ह छापणे कायद्याने दंडनीय आहे, म्हणजे पैसे त्यांनी घेतले आणि जोखीम आमच्या पिशवीवर आली. उरलेल्या पिशव्यांवर आम्ही चिठ्ठ्या चिकटवल्या. रावपुऱ्यातील छपाईवाले काका त्यावर एवढेच म्हणाले, ‘‘बेन, दर महिन्याला कोणी तरी अशा चिठ्ठ्या छापायला येतंच.’’

उद्यम नोंदणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर संपूर्ण विनाशुल्क होते; त्यासाठी घेतलेले ३,५०० रुपये म्हणजे निव्वळ लूट. अन्नसुरक्षेची नोंदणी जाऊबाईंनी आधीच स्वतः केली होती, म्हणून तो चौदा आकडी क्रमांक तेवढा या घोळातून वाचला.

बोधचिन्हाचा मामला वेगळ्याच वळणाने गेला. त्याचे चित्र गूगलच्या प्रतिमाशोधात टाकले, तेव्हा तोच पितळी डबा आणि तीच कमान निरनिराळ्या नावांखाली दिसू लागली. छापखान्याला लागणारी सीडीआर फाईल, म्हणजे चिन्हाचा हवा तेवढा मोठा करता येणारा मूळ आराखडा, तर त्यांनी कधी दिलीच नव्हती. दिले होते ते साधे जेपीजी चित्र, जे मोठ्या फलकावर छापले की धूसर होते. ते चिन्ह खास आमच्यासाठी काढलेले असते तरीही प्रश्न सुटला नसता, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा कलाकृतीचा पहिला हक्क सामान्यतः ती रेखाटणाऱ्याचा असतो आणि तो आपल्याकडे यायचा तर त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच मिळाला असे धरतात. ज्या शहरात १९५० पासून सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स आहे, तेथील लोकांना कोठून तरी उचललेला डबा विकला जावा, याचा राग मला अजून आहे. नवे चिन्ह तेथेच शिकणाऱ्या एका मुलीने काढून दिले. मुदत आणि हक्क दोन्ही लिहिलेल्या करारावर तिची सही आहे आणि मूळ फाईल आमच्या संगणकात आहे.

त्यांच्या बिलाकडेही पाहण्यासारखे होते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: गुजरात २४, महाराष्ट्र २७. पत्ता मुंबईचा आणि क्रमांक ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या आकड्याने सुरू होणारा. जीएसटी पोर्टलवर तो क्रमांक कोणीही लॉग इन न करता शोधू शकतो. तेथे बांधकाम साहित्याचा व्यापारी निघाला. ८,६४० रुपयांचा कर कोठे गेला, हे त्यावरून ओळखावे.

ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, परंतु त्याचा खरा उपयोग पैसे गेल्याबरोबर फोन केला तर होतो. आमच्या बाबतीत वर्ष उलटून गेले होते. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ‘व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागत नाही’ असे संस्थेने आम्हाला धमकावून सांगितले होते, ते अर्धसत्य आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहकच मानलेले आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

संकेतस्थळाच्या जुन्या नावासाठी लवादाकडे जाण्याची सोय आहे, पण नवे नाव घेणे आम्हाला स्वस्त पडले आणि ते जाऊबाईंच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर आहे. जुने संकेतस्थळ अलीकडे पुन्हा सुरू झाले आहे. त्यावर आमच्याच मसाल्याची छायाचित्रे आहेत, परंतु मागणीसाठी खाली दिलेला मोबाईल क्रमांक आमचा नाही; त्यावर कोणीही पैसे पाठवू नयेत.