काडतुसांचा साठा, पुनर्भरण की जुगाड: संकटकाळासाठी काय निवडावे?

काडतुसे संपली आणि नवी मिळण्याचा मार्ग बंद झाला तर काय करायचे, या प्रश्नाला साधारण तीन उत्तरे दिली जातात. पहिले म्हणजे कारखान्यातील तयार काडतुसांचा साठा, दुसरे म्हणजे योग्य अवजारे आणि सुटे भाग आधीच जमवून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणे, आणि तिसरे म्हणजे हाती लागेल त्या साहित्यातून काडतूस तयार करणे. स्वावलंबनाच्या ओढीने अनेक जण तिसऱ्याकडे वळतात. माझ्या मते मात्र तोच पर्याय सर्वांत कमी भरवशाचा आहे.

काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, गोळी, दारू आणि प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी. त्यांपैकी गोळीपुरता जुगाड खरोखर चालतो, कारण शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यात गोळ्या ओतणे हे जुने घरगुती काम आहे. तरीही वेगवान रायफलमध्ये मऊ शिशाचा थर नळीत बसतो आणि नेम बिघडतो. पितळी पुंगळी अनेकदा वापरता येते, पण तिचे आयुष्य तपासावे लागते. टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून बुडाजवळच्या भिंतीवरून ओढली आणि तिथे खाच लागली, तर ती पुंगळी पुढच्या बारात तुटण्याच्या बेतात आली आहे असे समजून टाकून द्यावी. ज्यांच्या बुडात एकाऐवजी दोन बारीक छिद्रे असतात त्या बर्डन पद्धतीच्या पुंगळ्यांतून जुना प्रायमर नेहमीच्या अवजाराने निघत नाही. .22 रिमफायर या छोट्या काडतुसात तर स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असल्याने हे काडतूस पुन्हा भरण्याचा विचार सोडूनच द्यावा.

खरी अडचण दारू आणि प्रायमरची आहे. 9 मिमी लुगर या पिस्तुलाच्या काडतुसासाठी कमाल दाबाची मर्यादा प्रति चौरस इंच 35,000 पौंड, तर .308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी 62,000 पौंड आहे. जळण्याचा वेग माहीत नसलेली दारू अशा चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) अंदाजाने भरणे म्हणजे हात आणि डोळे पणाला लावणे आहे. पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये धूरविरहित दारू यशस्वी केली, त्यापूर्वीची काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे ठेवते, त्यामुळे अर्धस्वयंचलित शस्त्र लवकरच अडकते. उलट दारूचा भार कमी पडला तर नुसता दबका आवाज येऊन गोळी नळीतच थांबते, आणि ते लक्षात न येता दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. प्रायमरमधील मिश्रण फायरिंग पिनच्या ठोक्याने हमखास पेटले पाहिजे आणि हाताळताना मुळीच पेटता कामा नये. हा तोल कारखान्यात कठोर नियंत्रणाखाली साधला जातो. घरगुती रसायनांतून तो साधण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, असे मी निक्षून सांगेन.

शिस्तबद्ध पुनर्भरण ही वेगळी गोष्ट आहे. वजनकाटा, लांबी-जाडी मोजणारा कॅलिपर, काडतुसाचे भाग दाबून बसवणारा प्रेस आणि किती दारू भरायची हे सांगणारे दारू उत्पादकाचे छापील भारकोष्टक हाताशी असेल तर साध्या प्रेसवर तासाला पन्नासेक चांगली काडतुसे होतात. एका पौंडात 7,000 ग्रेन असतात, त्यामुळे 9 मिमीसाठी पाच ग्रेनचा भार धरला तर पौंडभर दारू 1,400 काडतुसांना पुरते; .308 ला मात्र चाळीसहून अधिक ग्रेन लागत असल्याने तीच दारू दीडशेच्या आसपास संपते. तरीही प्रायमर आणि दारू कारखान्यातूनच येतात, म्हणजे हाही शेवटी साठाच आहे, फक्त सुट्या भागांचा.

म्हणून जो वर्षभरात मोजकेच बार काढतो त्याने तयार काडतुसे थंड, कोरड्या जागी ठेवावीत. ती कित्येक दशके टिकतात आणि त्यांना कोणतेही कौशल्य लागत नाही. जो नियमित सराव करतो आणि ज्याला शांतपणे, मन विचलित न होऊ देता काम करण्याची सवय आहे, त्याने पुनर्भरण जरूर शिकावे, मात्र सामान घेण्यापूर्वी परवान्याचे आणि साठवणुकीचे स्थानिक नियम पाहावेत. आणि पुरवठा पूर्णच तुटेल याची ज्याला चिंता आहे, त्याने प्रायमरच्या प्रयोगांपेक्षा हवेच्या बंदुकीचा विचार करावा. तिला दारू किंवा प्रायमर लागत नाही, हजारो छरे लहानशा डब्यात मावतात आणि लहान शिकारीपुरती ती पुरेशी असते.