सिमेथिकोनच्या चघळायच्या गोळ्या: पोटफुगीला उतार, ढेकरांना नाही

जेवणानंतर पोट तडस लागल्यासारखे होत असेल, तर सिमेथिकोनच्या चघळायच्या गोळीने बरे वाटते, हा माझा अनुभव आहे. परंतु ऊठसूट येणाऱ्या ढेकरांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. हे औषध रक्तात शोषले जात नाही. जठरात फेसासारख्या अडकलेल्या बारीक बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करून ते त्यांना एकत्र आणते आणि मोकळी झालेली हवा ढेकरावाटे किंवा खालून बाहेर पडते. हवा नाहीशी करण्याचा गुण त्यात नाही, त्यामुळे गोळीनंतर एखादा मोठा ढेकर आल्यास नवल वाटू नये. गोळी पुदिन्याच्या स्वादाची, खडूसारखी पिठूळ असते आणि दाढांना चिकटते. तरीही ती पूर्ण चावूनच गिळावी.

वेष्टनावर सगळ्याच तक्रारी ‘गॅस’ या एका शब्दात गुंडाळलेल्या असतात, हे मला खटकते. भराभर जेवताना, बोलता बोलता खाताना, च्युइंगगम चघळताना किंवा सोडा पिताना पोटात गेलेली हवा ढेकरावाटे परत येणे स्वाभाविक आहे. याउलट ज्यांना मिनिटामिनिटाला ढेकर येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत हवा जठरापर्यंत पोहोचतच नाही: श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) आकुंचन पावताच ती अन्ननलिकेत ओढली जाते आणि क्षणार्धात बाहेर फेकली जाते. ही नकळत जडलेली सवय असते. झोपेत असे ढेकर येत नाहीत आणि बोलण्यात गुंतल्यावर बहुधा थांबतात. जी हवा जठरात उतरतच नाही, तिच्यावर जठरातले औषध काय करणार? तेथे पोटाने श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो. एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवून, छाती न हलवता पोट फुगेल असा संथ श्वास घ्यायचा. ढेकर येणार असे वाटू लागताच हेच करायचे. वाचा-उपचारतज्ज्ञ हा सराव व्यवस्थित करवून घेतात आणि मला तो गोळीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

गोळी घ्यायचीच असेल, तर घटकांची यादी अवश्य वाचावी. काही साखरविरहित गोळ्यांत गोडीसाठी घातलेले सॉर्बिटॉल असते आणि ते स्वतःच वायू वाढवू शकते. आम्लनाशकासोबतच्या मिश्र गोळीत कार्बोनेट असल्यास आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे ढेकरांत भरच पडते. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी दोन्ही औषधांत सुमारे 4 तासांचे अंतर ठेवावे. ढेकरांसोबत वजन घटत असेल, घास अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा शौचाला काळी होत असेल, तर गोळ्या घेत दिवस काढू नयेत. लगेच डॉक्टरांना दाखवावे.