सील समोर फोडलं, तरी गंडलो

आधीच सांगून टाकतो, गाडीच्या ब्रेकच्या कामात मला फसवलं गेलं, यात थोडी चूक माझीपण आहे, कारण गाडी जॅकवर चढली तेव्हा मी बाजूच्या खानावळीत सुरमई थाळी हाणत बसलो होतो.

माझी जुनी स्विफ्ट, पेट्रोल, ब्रेक पुढे डिस्क मागे ड्रम. जानेवारीत कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, ट्रॅक डे (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायची) करायचा असं मी आणि आतेभावाने ठरवलेलं. रत्नागिरीहून हजारेक किलोमीटर जायचं आणि तिथे ब्रेकनी दगा दिला तर सगळंच पाण्यात, म्हणून इंजिन-बिंजिनला हात न लावता आधी ब्रेक करून घेऊ म्हटलं. ट्रॅकवर पहिला दम ब्रेकचाच जातो. १२० वरून ६० ला आलात की गाडीच्या वेगात असलेल्या ऊर्जेतली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, ती जाणार कुठे तर डिस्क आणि पॅडमध्ये, आणि तिथून कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातल्या, ब्रेक ऑइलमध्ये. साधं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० डिग्री न उकळता सोसायला हवं असा नियम आहे, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. आमच्याकडे पावसाळ्यात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे ब्रेक ऑइलची काय कथा. रेसिंगचं ऑइल नवं असताना ३०० च्या पुढे जातं, म्हणून मला तेच हवं होतं.

आमचे मिस्त्रीकाका पंधरा वर्षं आमच्या गाड्या बघतायत, पण रेसिंगमधलं त्यांना काय कळणार असं मला उगाच वाटलं. हायवेला एक दुकान सापडलं, भिंतीवर मोठे स्टिकर, मालक बोलायला एकदम गोड. पॅड ९,५००, ऑइलच्या दोन बाटल्या ३,६००, मजुरी १,५००. एकूण १४,६००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "सर, बिल केलं की जीएसटी लागणार, कशाला उगाच वाढवताय?" आणि मी मान डोलावली.

त्याने पॅडचा खोका माझ्यासमोर उघडला, लाल पॅड हातात दिले, बाटलीचं सील माझ्यासमोर फोडलं. मग म्हणाला, तुम्ही जेवून या निवांत, इथे उन्हात कशाला उभे राहताय. पाऊण तासात फोन, गाडी रेडी. खरंतर तिथेच डोकं चालायला हवं होतं, पुढचे पॅड बदलून चारही चाकांचं ऑइल नीट काढायचं तर निवांत दीड-दोन तास जातात. पण बॉनेट उघडून दाखवलंन तर ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल कसं, पाण्यासारखं स्वच्छ! चाकाच्या फटीतून लाल पॅड दिसत होते. रिकामा खोकापण दिलान आठवण म्हणून, तो मी घरी शोकेसमध्ये ठेवला, हसा.

पुढच्या रविवारी पहाटे आंबा घाटात गेलो. वर जाताना मोकळ्या रस्त्यावर पॅड बेड-इन केले, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ६० वरून १५-२० पर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. येताना साखरप्याच्या बाजूला उतरताना जरा दाबून चालवली, ट्रॅकची प्रॅक्टिस म्हणून. पाचव्या-सहाव्या वळणाला वास आला. त्याच्या पुढच्या वळणाला पेडल मऊ लागलं, आणि त्याच्या पुढच्याला पाय सरळ मॅटला टेकला. समोरून एसटी चढत येत होती. तिसरा, दुसरा, मग पहिला गिअर कसाबसा घातला, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराकडच्या गटाराला गाडी घासली आणि थांबली. आतेभाऊ उतरला, आधी चाकाला दगड लावलान आणि मग ओकला.

वीस-पंचवीस मिनिटांनी पेडल परत कडक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हीच तर ऑइल उकळल्याची खूण. वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं, गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. पॅड तापून घसरत असते तर पेडल कडकच राहिलं असतं, फक्त गाडी थांबली नसती.

तिथून रांगत रांगत थेट मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी चाक काढलं, ब्लीड निपलवर (जुनं ऑइल बाहेर काढायचा चाकाजवळचा स्क्रू) टॉर्च मारला आणि काही न बोलता मला बोलावलं. निपलवर रबराची टोपी तशीच, खाली गंज आणि मातीचा थर अखंड, पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. म्हणजे ऑइल बदललंच नव्हतं. सिरिंजने टाकीतलं जुनं ओढून वर नवं ओतलेलं, बस. खालचं सगळं जुनंच. निपल सोडल्यावर कोऱ्या चहासारखं काळपट पाणी आलं.

मग पॅड बाहेर काढले. काकांनी पाठीमागच्या पत्र्यावर नखाने खरवडलं, लाल रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली दोन टिंबं. काका हसायला लागले. "अरे, हे तर माझेच पंच! मे महिन्यात पिना ग्रीस करताना डाव्या बाजूच्या पॅडवर खूण म्हणून मारले होते. मेल्या, तुझेच जुने पॅड रंगवून तुला विकलान की त्याने." मापून बघितलं तर मटेरियल साडेपाच मिलिमीटर. नव्याला दहाच्या आसपास असतं. मला हातात दिलेले पॅड खरे असतील, पण ते माझी सोलकढी संपायच्या आत परत कपाटात गेले असणार.

दुकानवाल्याला फोन केला, तर आधी म्हणे तुम्ही चालवता कसे ते बघा, मग फोनच उचलेना. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला रेट आहे, आणि रंग खरवडलेल्या पॅडचे फोटो आहेत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस टाकता येते, दुकान कुठेही असो, त्यामुळे तीपण तयारी चालू आहे.

दरम्यान काकांनीच मागवलेले पॅड आणि ऑइल टाकलं. या वेळी मी स्टूल घेऊन बाजूला बसलो, निपलला पारदर्शक नळी, खाली बाटली, काळं जाऊन स्वच्छ येईपर्यंत पेडल मारत होतो. जुने पॅड आणि ती काळ्या ऑइलची बाटली घरी आणली. शोकेसमधला खोका काढून तिथे ठेवणार होतो, आईने बाटली बाहेर फेकायला लावली.

त्याने मला ब्लॉक केलंय, आतेभावाला नाही. परवा त्याच्या स्टेटसला एका पांढऱ्या गाडीचा फोटो होता, चाकाच्या फटीतून लाल पॅड दिसतायत आणि खाली लिहिलंय, "ट्रॅक रेडी".